वर्णन जुळत नाही

पहिल्या प्रकाशकाने पुस्तक नाकारलंच नाही. त्याने पावतीवर सही करायचं नाकारलं.

आता यात त्या बिचाऱ्याचा तरी काय दोष? समोरचा गृहस्थ येतो, दोनशे शहाऐंशी पानांचा गठ्ठा टेबलावर ठेवतो, डाव्या हाताचा पंजा त्यावर दाबून धरतो आणि उजव्या हाताने एक कागद पुढे सरकवतो : 'हस्तलिखित, नग एक, सुस्थितीत मिळाले. सही, तारीख, शिक्का.'

"अहो, पण मी अजून हातात घेतलेलं नाही," प्रकाशक म्हणाला.

"सही केल्याशिवाय मिळणारही नाही," पावतीकाका म्हणाले.

दोघांनी गठ्ठा दोन बाजूंनी धरला. थोडी ओढाताण झाली. शेवटी प्रकाशकाने सोडला.

दुसऱ्याकडे शिक्का नव्हता. तिसऱ्याकडे शिक्का होता, पण 'सुस्थितीत' या शब्दाला त्याची हरकत होती, कारण वरच्याच पानावर चहाचा डाग होता. काकांनी तिथल्या तिथे 'चहाचा एक डाग वगळता' असं लिहून सही ठोकली. मान वर करतात तर तिसरा प्रकाशक जेवायला गेलेला. पाच वाजेपर्यंत त्याचं जेवण आटपलं नाही. काका उठून गेल्यावर आटपलं असणार.

पावतीकाका हे नाव गल्लीने दिलेलं, पण कमावलेलं त्यांनी स्वतः. शहर बसच्या 'हरवले-सापडले' खात्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस. लोक बसमध्ये जे जे विसरतात ते तिथे येतं, फळीवर बसतं आणि मालकाची वाट बघतं. काका त्याची नोंद ठेवायचे आणि खोटे दावेदार पकडायचे. "खोटा माणूस रंग सांगताना छताकडे बघतो," असं ते हाताखालच्यांना शिकवत. "ज्याची वस्तू असते ना, तो तुमच्या डोळ्यांत बघतो." त्यांची आणखी एक थिअरी होती. मांडीवर ठेवलेली वस्तू माणूस हमखास विसरतो, कारण उठला की मांडीच नाहीशी होते. पायाशी ठेवलेली वस्तू निदान अडखळवते तरी.

पुस्तक या वस्तूंचंच होतं. नाव 'न नेलेल्या वस्तू'. एक्केचाळीस वस्तू, एकेकीची गोष्ट, आणि एकीचाही मालक येत नाही. काकांनी ते जुन्या फॉर्मांच्या पाठीवर लिहिलं. अक्षर असं, की स्वतः काकांनाही ते दुसऱ्या दिवशी लागत नसे. मग काकूंनी ते सगळं सुवाच्य उतरवायला घेतलं. दीड वर्ष लागलं. रोज जेवणं झाली की ओटा पुसायचा आणि लिहायला बसायचं. मधेच विचारायच्या, "अहो, मग त्या कवळीचं काय झालं?"

"काही नाही. पडून राहिली."

"पडून राहिली म्हणजे?"

"म्हणजे पडून राहिली."

"बरं," म्हणायच्या आणि लिहायला लागायच्या.

काम संपत आलं तेव्हा म्हणाल्या, "आता ती तुमची चिटोरी रद्दीत द्या. घरात पाय ठेवायला जागा नाही." ज्या माणसाने तेवीस वर्षांपूर्वीच्या कुलपाची पावती जपून ठेवलीय, त्याने बायकोच्या शब्दाखातर स्वतःचं मूळ लिखाण रद्दीवाल्याच्या हातात दिलं. पावती घेऊन, अर्थात.

त्यानंतर दोन महिन्यांनी काकू गेल्या. जायच्या आधी गठ्ठ्याला सुतळी बांधली, त्यांची ती ठरलेली दुहेरी गाठ मारली आणि म्हणाल्या, "एवढं मात्र कुठेतरी नेऊन पोचवा. पडून राहायला नको."

तर हे असं होतं. म्हणून काका वणवण करत होते. नाहीतर नाव छापून यावं अशी हौस असलेला माणूस तो नव्हे. गठ्ठ्यावर नावसुद्धा नव्हतं. लेखकाचं नाव छापणारे घालतात अशी काकूंची समजूत, म्हणून त्यांनी पहिल्या पानावर जागा मोकळी सोडलेली.

लेकीने फोनवर सांगितलं, "बाबा, निदान फोटो काढून ठेवते ना पानांचे. एकच प्रत घेऊन हिंडताय."

"फोटो कशाला? त्याचं लग्न ठरवायचंय का?"

खरं कारण वेगळं होतं. फोटो काढायचे तर गाठ सोडायला हवी, आणि ती काकूंच्या हातची. प्रकाशकाने सोडली तर सोडली, तो त्याचा धंदा. आपण कशाला?

एव्हाना गल्लीला कळलं होतं. गल्लीला एखादी गोष्ट कळली की ती तुमची राहत नाही. वरच्या मजल्यावरचे गणिताचे मास्तर जिन्यात अडवून म्हणाले, "खून आहे का पुस्तकात?"

"नाही."

"मग घाला. पन्नासाव्या पानाच्या आत."

"मास्तर, पुस्तक छत्र्यांवर आहे."

"मग छत्रीने करा."

इस्त्रीवाल्याचं म्हणणं, मोठ्या माणसाची प्रस्तावना पाहिजे. "आपलं एक गिऱ्हाईक जज्ज आहे. सगळे शर्ट आपल्याकडे. नाही म्हणायची टाप नाही." आणि समोरच्या शिंप्याने तर गठ्ठा बघून कपाळाला हात लावला. "सुतळी बांधून नेता? काका, माल कसा का असेना, पॅकिंग बघतात लोक." त्याने दुसऱ्या दिवशी पिशवी शिवून आणली. एका गिऱ्हाइकाच्या पडद्यातलं उरलेलं कापड, गुलाबी फुलं, कडेने झालर. आत गठ्ठा घातल्यावर ती हुबेहूब उशी दिसत होती. शिंप्याने पैसे घेतले नव्हते, त्यामुळे तक्रार करायला पावतीही नव्हती.

चौथ्या प्रकाशकाने पावती न वाचताच सही केली. खरं म्हणजे तेव्हाच ओळखायला हवं होतं. पण काका हरखले. पुढचे चार महिने दर मंगळवारी जाऊन बाहेरच्या बाकावर बसायचे. प्रकाशक येता-जाता म्हणायचा, "वाचतोय, वाचतोय." एका मंगळवारी त्याने उशी काकांच्या हातात ठेवली आणि फार गंभीर चेहरा केला.

"काका, काय सांगू. सुरुवात जरा संथ आहे. पण शेवट! शेवट फार परिणामकारक."

"शेवट आवडला?"

"हलवून टाकतो हो. पण काय आहे, वस्तूंचं हल्ली कोणी वाचत नाही. माणसांचं काही असेल तर आणा."

एरवी काकांनी तिथेच बसून नकार लेखी मागितला असता. पण त्यांचं लक्ष नव्हतं. शेवट परिणामकारक! चौतीस वर्षांत त्यांना खात्याकडून दोनच शेरे मिळाले होते : 'समाधानकारक' आणि 'बऱ्यापैकी समाधानकारक'. बसमध्ये ते उशी मांडीवर घेऊन बसले. हो, मांडीवर. 'परिणामकारक' हा शब्द चघळत राहिले. स्टॉप आला, तरुणासारखी उडी मारली, जिना चढले, कुलूप काढलं, चपला न काढता थेट स्वयंपाकघरात गेले आणि म्हणाले,

"अगं ऐकलंस का?"

ओटा कोरडा होता. गॅसवर सकाळचं दुधाचं पातेलं. हात कुठे ठेवावेत कळेना म्हणून काकांनी हातांकडे बघितलं, आणि हात रिकामे होते.

हरवलेली वस्तू तिसऱ्या दिवशी खात्यात पोचते हे काकांना पाठ होतं, कारण ती पद्धत त्यांनीच घालून दिलेली. तरी ते दुसऱ्याच दिवशी सकाळी दारात हजर. त्यांच्या खुर्चीवर आता मॅडम होत्या. अकरा वर्षं काकांच्या हाताखाली काढलेल्या. त्या उठून उभ्या राहिल्या.

"सर! या ना. काय काढलंत?"

"हरवलंय."

शिपाई हसला. त्याला वाटलं सर गंमत करताहेत. हे म्हणजे डॉक्टरने रांगेत उभं राहून खोकण्यासारखं.

वस्तू तिसऱ्या दिवशी आली, आणि काकाही पुन्हा आले. वर्णन : 'उशी, एक, कडक.' मॅडमनी ती टेबलाखाली ठेवली आणि जरा चाचरत म्हणाल्या, "सर, नाव नाहीये त्यावर. नियम चौदा लावावा लागेल."

"लागेल म्हणजे? लावलाच पाहिजे," काका ताठ बसले. "मीच केलाय."

नियम चौदा असा, की वस्तूवर नाव नसेल तर मागणाऱ्याने दोन साक्षीदारांसमोर आतलं वर्णन सांगायचं. तीन खुणा जुळल्या पाहिजेत. आणि तोवर वस्तू त्याच्या दृष्टीस पडता कामा नये. साक्षीदार म्हणून एक कंडक्टर मिळाला आणि जेवणाचा डबा न्यायला आलेल्या एक बाई. शिपाई पडद्याआड गाठ सोडायला बसला.

"कापू नका हां!" काका इकडून ओरडले.

"नाही सर. पण फार घट्ट आहे. कधी सोडलेलीच नाही वाटतं कोणी."

काकांना क्षणभर काहीतरी टोचलं. चार महिने वाचत होता ना तो? शेवट हलवून टाकतो म्हणाला ना? पण आता त्याचा विचार करायला वेळ नव्हता.

"सांगा सर," मॅडम पान उघडून म्हणाल्या. "पहिली खूण."

काका खाकरले. साक्षीदार सरसावून बसले. आजपर्यंत त्यांचं पुस्तक एवढ्या लोकांनी एका वेळी ऐकलं नव्हतं. "वस्तू सात. कवळी. वरची. सहा नंबरच्या बसमध्ये मागच्या सीटवर रुमालात सापडली. अकरा वर्षं कोणी आलं नाही. शेवटचं वाक्य : 'ती अजून फळीवर एकटीच हसते आहे.'"

डब्याच्या बाईंनी "अरेरे" केलं. काकांना बरं वाटलं.

मॅडमनी पान उलटलं, पुन्हा सुलटं केलं. "सर, जुळत नाही."

"काय जुळत नाही?"

"कवळी नेलीय, सर."

"कोणी?"

"आजोबांनी."

"कुठल्या आजोबांनी?"

"इथे लिहिलंय ना. 'एका सकाळी एक आजोबा तोंडावर हात धरून आले. बोलेनात, नुसतं बोट दाखवलं. घेऊन गेले. जाताना दारात वळून हसले.'"

कंडक्टर म्हणाला, "हे बरंय."

काकांचा चेहरा उतरला. "चूक झाली असेल. वस्तू बावीस घ्या. लहान मुलाचा डावा बूट. कोणी येत नाही."

मॅडमनी शोधलं. "एक बाई आल्या, सर. म्हणाल्या, उजवा घरी रडतोय. घेऊन गेल्या."

"तेहतीस! रिकामा पिंजरा!"

"नेला."

"पण रिकाम्या पिंजऱ्याला कोण येईल?"

"पोपट परत आला म्हणे."

तीन खुणा, तिन्ही चुकलेल्या. नियमाप्रमाणे दावा फेटाळायचा असतो. मॅडमचा हात काही शिक्क्याकडे जाईना. शेवटी काकाच म्हणाले, "मारा. 'वर्णन जुळत नाही.' मी असतो तर मारला असता."

एवढ्यात शिंपी धापा टाकत आला. त्याला काकांच्या लेकीने फोन करून पाठवलं होतं. "ती पिशवी माझ्या हातची आहे! हा बघा उरलेला तुकडा!" तुकडा लावून बघितला, फूल फुलाला भिडलं. पिशवी जुळली. मग नियमाप्रमाणे पिशवी देण्यात आली आणि मजकूर ठेवून घेण्यात आला. अशा रीतीने पावतीकाका रिकामी गुलाबी उशी काखेत मारून, गल्लीसमोरून, भर दुपारी घरी आले. शिंपी सगळ्यांना सांगत होता, "निम्मं काम तर झालं!"

काका खाटेवर बसले. गाठ कोणी सोडलेली नाही, म्हणजे प्रकाशकाने काही केलेलं नाही. तो तर वाचण्याच्याही भानगडीत पडला नव्हता. मग राहिलं कोण? ते पुस्तक आजवर एकाच माणसाने उघडलं होतं. 'पडून राहिली म्हणजे?' असं विचारून 'बरं' म्हणणारं एकच माणूस. आणि मूळ चिटोरी रद्दीत द्यायला लावणारंही तेच.

"अस्सं," काका रिकाम्या स्वयंपाकघराकडे बघून म्हणाले. "चौतीस वर्षं खोटे दावेदार पकडले मी. आणि घरात…"

आणि मग ते रडले. असं चष्मा काढून, नीट बसून. काकू गेल्या तेव्हा इतकी कागदपत्रं होती, की ते राहूनच गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते खात्यात गेले तेव्हा हातात मिठाचा डबा होता. त्यावर चिकटवलेली पट्टी काकूंच्या अक्षरातली : 'मीठ. साखर नव्हे. नीट बघा.' चहात मीठ पडलेल्या सकाळची ती आठवण.

"अक्षर जुळवा," काका म्हणाले.

मॅडमनी डबा आणि पान शेजारी धरलं. कंडक्टर ड्यूटीवर होता, पण डब्याच्या बाई हजर होत्या. आपला जेवणाचा डबा त्यांनी कालच नेला होता. आज त्या गोष्टीसाठी आल्या होत्या. तिघांनी वाकून बघितलं. वेलांट्या सारख्या, 'र'चं शेपूट सारखं.

"जुळतंय सर. पण…" मॅडम अडखळल्या, "मग वस्तू तुमची नाही होत. काकूंची होते. तुम्ही वारस."

"तसंच लिहा."

फॉर्मवर 'वस्तूचा मालक' असं असतं तिथे काकांनी बायकोचं पूर्ण नाव लिहिलं. 'नाते' असं होतं तिथे 'नवरा' लिहिलं. वाचून बघितलं, बरोबर वाटलं. मग पहिल्या पानावरच्या मोकळ्या जागेतही तेच नाव घातलं.

घरी त्यांनी ते चार दिवस वाचलं. सगळेच्या सगळे आले होते हो. छत्रीचे मालक आले, बासरीचा आला, एका चष्म्याचे तर तोंडावर आपटत आले. काकूंना एकही वस्तू फळीवर ठेवणं जमलं नव्हतं. काका वाचताना मोठ्याने भांडत होते. "असं होत नसतं! तारीख कुठाय? सही घेतली का?" आणि पान उलटत होते.

एक्केचाळिसावी वस्तू म्हणजे अर्धवट विणलेला स्वेटर. बसमध्ये सुयांसकट राहिलेला. काकूंचं अक्षर तिथे थरथरत होतं. शेवटचं पान आलं. त्यावर एवढंच होतं :

'आणि मग एके दिवशी दारात'

पुढे काही नाही. खाली सगळं कोरं. हाच तो शेवट. परिणामकारक.

काकांनी पेन उघडलं. दोन दिवस घेऊन बसले. पण त्यांच्या पेनातून 'कोणी आलं नाही' याशिवाय काही उतरेना, कारण खरंच कोणी आलेलं नव्हतं. खोटं लिहायची त्यांना सवय नव्हती, आणि आता शिकवणारं माणूस नव्हतं.

तिसऱ्या दिवशी साडेदहाला खातं उघडलं तेव्हा ते दारात उभे होते. आत येईनात.

"सर? आता काय राहिलं?"

"एक दावा करायचाय," काका म्हणाले. "स्वेटर. एकोणीस वर्षांपूर्वीचा."

स्वेटर वरच्या फळीवर होता. दर वर्षी न नेलेल्या वस्तूंच्या लिलावाच्या यादीत त्याचा नंबर आधी काकांच्या आणि नंतर मॅडमच्या हातून चुकून गळत आला होता. त्यांनी समोर कोरा फॉर्म घेतला. साक्षीला शिपायाला आणि आजही आलेल्या डब्याच्या बाईंना बोलावलं.

"वर्णन सांगा."

"एक बाही पूर्ण. दुसरीच्या मनगटाच्या तीनच ओळी झाल्यात. एक सुई जरा वाकलेली. माप साधारण दहा वर्षांच्या मुलाचं."

"रंग?"

काकांनी छताकडे बघितलं. "हिरवा," ते म्हणाले.

मॅडमनी ते बघितलं. अकरा वर्षं काकांनी त्यांना दुसरं शिकवलंच काय होतं? शिपायानेही बघितलं. बाई पदराने नाक पुसत होत्या.

"कोणाचा आहे, सर?"

"घरच्यांचा."

मॅडमनी शिक्का उचलला, दोनदा शाईवर दाबला आणि फॉर्मवर मारला. "जुळतंय," त्या म्हणाल्या. "पावती देते."

"असू दे," काका म्हणाले.

बसमध्ये त्यांनी स्वेटर पायाशी ठेवला. घरी गेल्यावर शेवटचं पान काढलं आणि काकूंच्या ओळीपुढे आपल्या त्या न लागणाऱ्या अक्षरात, जमेल तेवढं सुवाच्य लिहिलं :

'एक म्हातारा आला. घेऊन गेला.'

मग गठ्ठ्याला सुतळी बांधली. दुहेरी गाठ त्यांना काही जमली नाही.